मुळ्याची जुडी



गेल्या पौषात माझ्या नातीच्या शाळेत भाजीची काढणी झाली. शाळेच्या गच्चीवर फळांचे रिकामे क्रेट आणून, त्यांत माती-शेणखत भरून मुलांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर बी पेरलं होतं. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. "आजी, आज दोन पानं आली." "आजी, आज बाईंनी विरळणी करायला लावली." काढणीच्या दिवशी तर पोरगी उड्या मारतच घरी आली. दप्तरातून पालकाची जुडी निघाली, चार टोमॅटो निघाले, मूठभर घेवडा निघाला. मी सगळं ताटलीत काढून घेत होते, कौतुक करत होते. शेवटी तिने बाटलीच्या खणातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हळूच बाहेर काढलं. बोटाएवढा पांढरा मुळा, पाल्यासकट!

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शी! हे घरात कशाला आणलंस?"

आपल्या घरांत कंदमूळ येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ते आठ वर्षांच्या तिलाही ठाऊक आहे, म्हणून तर तिने तो रुमालात गुंडाळला होता. ती एवढंच म्हणाली, "आजी, तो मी लावलाय." मग तो मुळा तिने गॅलरीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. पालक, टोमॅटो, घेवडा यांच्याकडे तिने परत पाहिलं नाही. रात्री सुनेने त्याच पालकाची भाजी केली होती. तीही तिने खाल्ली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नियम मोडायचा प्रश्नच नव्हता. तो मी साठ वर्षं पाळला आहे आणि पुढेही पाळणार आहे. मला टोचत होता तो माझा "शी". तो शब्द नियमात कुठे होता?

आम्ही कॉटन ग्रीनला राहतो. या भागात मुलांनी भाजी पिकवावी हीच मुळात नवलाची गोष्ट, कारण इथली जमीनच माणसाने केलेली आहे. माझगाव ते शिवडीचा हा पट्टा पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात समुद्रात भराव घालून उभा केला. पुढे गोदामं झाली, रेल्वेचे रूळ आले. कापसाचा बाजार आधी कोटात भरायचा, मग कुलाब्याला गेला आणि १९२५ च्या सुमारास इथे आला. कॉटन एक्स्चेंजची ती हिरवी इमारत स्टेशनजवळ अजून उभी आहे. 'ग्रीन' म्हणजे हिरवळ. कोटातल्या ज्या मोकळ्या मैदानावर कापसाच्या गासड्या पडायच्या, त्याच्यावरून आलेलं हे नाव. हिरवळ तिथेच राहिली, नाव तेवढं आमच्याकडे आलं. माझे सासरे सांगलीहून येऊन इथल्याच एका कापसाच्या पेढीवर कारकून झाले, म्हणून आम्ही इथले.

गासड्या आणि धान्याची पोती वाहणारे बहुतेक माथाडी सातारा जिल्ह्यातले. आमच्या मजल्यावर समोरच्या खोलीत अशाच एका घरातल्या काकू राहतात. चाळीस वर्षांची शेजारीण. साखर संपली तर वाटी इकडून तिकडे, तिकडून इकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यावरचा सुकायला लागलेला मुळा पाहून त्या म्हणाल्या, "वहिनी, हा कुणाचा?" नात तिथेच उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "काकूआजी, तुम्ही मुळा खाता?" "खाते की! भाकरीबरोबर मीठ लावून." "मग तुम्ही घ्या. पण तो शी आहे."

मैत्रिणींनो, माझा शब्द चोवीस तासांत तिच्या तोंडी गेला होता, आणि गेला तो कुणासमोर? जी बाई तो आनंदाने खाणार, तिच्यासमोर. काकू हसल्या, मुळा घेऊन आत गेल्या. मला मात्र साठेक वर्षांपूर्वीची एक दुसरी जुडी आठवली. ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

माझं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. आपल्यातल्या मुंबईच्या पुष्कळ बायकांना वाटतं की जैन म्हणजे व्यापारी. पण आमच्या सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातले जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत. बस्तीत पूजा करायची आणि मग औत जुंपायचं. आदिनाथ भगवंतांनी माणसाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली असं आपण वाचतो. माझे वडील म्हणायचे, आपल्याकडे कृषी आली. पुढे मी बी.कॉम. झाले तेव्हा म्हणाले, आता वाणिज्यही आलं.

पण मी वाणिज्य शिकले ते कॉलेजच्याही आधी, गावच्या प्राथमिक शाळेत. त्या काळी पुष्कळ शाळांत मूलोद्योग असायचा. कुठे सूतकताई, कुठे शेती. आमच्याकडे शेती होती. शाळेच्या मागे विहिरीच्या पाटावर वाफे होते, प्रत्येक चार मुलांना एक वाफा. वांगी, मेथी, कोथिंबीर, मुळा, दोडका. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटच्या तासाला काढणी. तो आनंद काय सांगू! वांग्याच्या देठाचे काटे बोटाला लागायचे, चिखलाने परकर भरायचा, पण कुणाचं वांगं मोठं यावरून भांडणं व्हायची. मग गुरुजी ओट्यावर जुड्या मांडून लिलाव करायचे. पाच पैसे, सात पैसे, दहा पैसे. पालक यायचे, गावातले चार लोक यायचे, आम्हीही घरून पैसे आणायचो. जमा झालेली रक्कम वहीत मांडायचं काम माझ्याकडे होतं. बी किती पैशांचं आणलं, भाजी कितीला गेली, शिल्लक काय. माझी पहिली रोजकीर्द तीच.

एका शनिवारी आमच्या वर्गातल्या एका मुलाची मुळ्याची जुडी ओट्यावर आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला मुलगा. जुडी सगळ्यांत सुंदर होती. धुऊन, सारखे मुळे घेऊन, केळीच्या सोपटाने बांधलेली. गुरुजींनी बोली पुकारली. कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा पुकारली. कुणी बोललं नाही. आदल्या शनिवारी दुसऱ्या मुलाचे मुळे नऊ पैशांना गेले होते, म्हणजे मुळा नको होता असं नव्हे. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या खिशातून दहा पैसे टाकले आणि मला म्हणाले, लिही. मी लिहिलं. माझ्या मुठीत तेव्हा पंधरा पैसे होते.

मी त्या वेळी मनाशी म्हटलं, आपण तर मुळा खातच नाही, आपण कशाला बोली लावायची? किती सोयीचं उत्तर! पुढच्या शनिवारी त्याच मुलाची वांगी आली. वांगी आम्ही खात होतो. तरीही मी मूठ उघडली नाही. वहीत आकडे बरोबर लिहिले, पण माझ्या खात्यावरची ती बाकी अजून फिटलेली नाही.

मुळा आणि वांगं यांतला हा फरक लहानपणी मला कळला नव्हता. मुळा न घेण्यामागे व्रत होतं, वांगं न घेण्यामागे दुसरंच काहीतरी होतं. आणि ते दुसरं कारण व्रताच्या पदराआड लपून बसलं होतं.

आता ज्या माणसाबद्दल सांगणार आहे, त्यांचं नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: कर्मवीर भाऊराव पाटील. आपल्याच समाजाचे. जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कुंभोजचा, म्हणजे आपण बाहुबलीच्या दर्शनाला जातो तिथला. घराणं शेतकरी जैन. शिकायला कोल्हापूरला गेले, जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर आंघोळ करून मगच जेवायला बसायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं.

आंघोळीत वाईट काय? काहीच नाही. आपण रोज करतो, अभिषेकाआधी करतो. पण ती आंघोळ कशासाठी होती हे त्या मुलाला कळलं. 

पुढे भाऊराव ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी फिरले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याचं घर आतून दिसतं. पोरं गुरांमागे आहेत, शाळा नाही, हे त्यांनी पाहिलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. साताऱ्यात ते ज्या जागी होतं तिचं नावही गोड आहे, धनिणीची बाग.

इथल्या मुलांना फुकट काही नव्हतं आणि विकतही काही नव्हतं. स्वतःच्या हातांनी काम करायचं आणि त्या कष्टावर शिकायचं. मुलं जमीन खणायची, शेतात-बागेत राबायची, पाणी भरायची, आळीपाळीने स्वयंपाकाला लागायची. आज 'कमवा आणि शिका' म्हणून जे आपण ऐकतो त्याचं मूळ हेच. जो मुलगा भाजी लावी तोच ती निवडी, तोच चुलीपाशी बसे आणि तीच सगळ्यांच्या पानात पडे. कुणाच्या हातची आहे असं विचारायला जागाच उरत नव्हती, कारण ती सगळ्यांच्याच हातची होती. बोली न लागलेली जुडी तिथे असूच शकत नव्हती.

पण आपण बायकांनी आठवण ठेवायला हवी ती भाऊरावांपेक्षाही लक्ष्मीबाईंची. त्या त्यांच्या पत्नी. कर्मठ वळणाच्या जैन घरात वाढलेल्या. सोवळंओवळं, चूल, पाणी यांचे नियम अंगात मुरलेले. त्या बाईच्या घरात, तिच्या चुलीपाशी, सगळ्या जातींची मुलं येऊन बसली. तिच्या मनात काय झालं असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. आपल्याकडे बाईचं स्वयंपाकघर हेच तिचं राज्य आणि तेच तिचं तप. पुरुषाला सभेत क्रांती करता येते, बाईला ती रोज दोन वेळा ओट्यापाशी करावी लागते. लक्ष्मीबाईंनी ती केली. मुलांची आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपलं आणि पैसाही नव्हता तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. संस्था वटवृक्षासारखी वाढलेली पाहायला त्या राहिल्या नाहीत.

त्यांनी आपला धर्म सोडला का? नाही. आपल्या शास्त्रांत अपरिग्रह सांगितला आहे, आहारदान सांगितलं आहे. गळ्यातलं शेवटचं सोनं भुकेल्या मुलांसाठी काढून देणं म्हणजे अपरिग्रह नाही तर काय? व्रत त्यांच्याकडे राहिलं, तिटकारा तेवढा गेला.

मुलांना भाजी पिकवायला लावण्याची ही रीत फक्त आपल्याकडची नाही, हे वाचून मला नवल वाटलं. माझा धाकटा नातू 'केजी'त जातो. केजी म्हणजे किंडरगार्टन, आणि या जर्मन शब्दाचा अर्थ 'मुलांची बाग'. फ्रीड्रिख फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८४० साली हे नाव दिलं, आणि त्याच्या मनात खरोखरीची बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा मध्ये, आणि त्यांच्याभोवती सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे. आपलं असं काही हवं, पण त्याला वेढून सगळ्यांचं हवं. आज केजीत बाग सोडून बाकी सगळं आहे, आणि फी तर आहेच!

आपल्या महाराष्ट्रात १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम मांडली गेली. सेवाग्रामच्या शाळेत मुलं कातायची, शेती करायची, स्वयंपाकघर चालवायची आणि त्याचा हिशेब ठेवायची. आमच्या गावच्या शाळेतला मूलोद्योग हे त्याचंच दूरचं नातवंड. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली आणि तिथे आजही मुलं भाजी लावतात, काढतात.

टंचाई आली की सगळ्यांनाच बाग आठवते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, घराच्या आवारात भाजी लावायला सांगितलं. आमच्या आजीला त्याचं फार अप्रूप. म्हणायची, सगळा देश आता आपल्यासारखा एकाशन करायला लागला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेरा वर्षांची होते. शाळेची विहीर आटली, वाफ्यांना भेगा पडल्या, लिलाव बंद झाला. रेशनवर लाल मिलो आली. मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पाठोपाठ बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. माझ्या सासूबाई त्या मोर्च्याच्या गोष्टी सांगायच्या. समोरच्या काकूंच्या सासूबरोबर त्या गेल्या होत्या. दोघींच्या हातांत लाटणीच, पण चुली वेगळ्या. एकीच्या चुलीवर कांदा-लसूण, दुसरीच्या चुलीवर नाही. मिलोची भाकरी मात्र दोघींचीही तुटायची.

आणि अगदी आमच्या अंगणातली म्हणावी अशी गोष्ट. ज्या पोर्ट ट्रस्टच्या भरावावर आम्ही राहतो, त्याच्याच गोदीतल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ साली भाजीपाला आणि फळझाडं लावायला सुरुवात झाली. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी ही बाग उभी केली. कामगारांसाठी रोज एवढा स्वयंपाक व्हायचा, त्यातली भाजीची देठं, सालं कुठे टाकायची हा प्रश्न होता. त्यांनी त्याचंच खत केलं, पिंपांत झाडं लावली, आणि आलेली भाजी परत त्याच स्वयंपाकघरात गेली. जिथे मूठभर माती नव्हती तिथे मातीच तयार केली. पुढे त्यांच्या 'अर्बन लीव्ह्ज' या गटाने मुंबईतल्या कितीतरी जणांना हे शिकवलं. नातीच्या शाळेतले क्रेट हे त्याच रीतीचे.

सरकारी शाळांतही आता परसबागा आहेत. शालेय पोषण आहार योजना १९९५ साली सुरू झाली आणि २०१९ साली केंद्राने शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी लावलेला पालक, मेथी, शेवगा त्यांच्याच दुपारच्या आमटी-खिचडीत पडतो. आपल्याकडे तालुक्या-जिल्ह्यांतून परसबागांच्या स्पर्धाही होतात.

मी कॉमर्सची, म्हणून या सगळ्यांची एक बेरीज मांडून पाहिली. धनिणीची बाग असो, सेवाग्राम असो, गोदीची गच्ची असो की झेडपीच्या शाळेची परसबाग, पिकलेलं शेवटी एका मोठ्या पातेल्यात जातं आणि सगळ्यांच्या ताटात येतं. मुलं आनंदाने नाचतात ती भाजी हातात आल्यावर. पण तो आनंद पुरा होतो तो दुसऱ्या कुणीतरी ती खाल्ल्यावर. माझ्या नातीचा आनंद अर्ध्यावर राहिला, कारण तिच्या मुळ्याला खाणारं कुणी नव्हतं आणि वर त्याला आजीने नाव ठेवलं.

आपल्या परंपरेत तर हे फार जुनं आहे. भगवान आदिनाथांना दीर्घ उपवासानंतर राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला, ती अक्षय तृतीया. पहिलं आहारदान म्हणून आपण तो दिवस पाळतो. तो रस म्हणजे शेतातलं पीकच की! ज्यांनी जगाला कृषी शिकवली, त्यांच्या ओंजळीत पहिलं दान पडलं ते पिकाचं.

आता कुणी विचाराल, माती उकरायची म्हणजे जीवहिंसा नाही का? आहे. आपल्याकडे संकल्पी हिंसा आणि आरंभी, उद्योगी हिंसा यांत फरक केला आहे. गृहस्थाला स्वयंपाक करताना, शेती करताना जी हिंसा टळत नाही ती कमीत कमी व्हावी म्हणून जपून वागायचं. नातीच्या वर्गात मी हेच सांगून आले. हो, मी शाळेत गेले! बाईंना भेटले. मुळा लावू नका असं म्हणायला गेले नव्हते. वर्गात चाळीस मुलं आहेत, चाळीस घरांची ताटं आहेत. मी म्हटलं, गांडूळ दिसलं तर हातात घेऊन खेळू नये, परत मातीत सोडावं, एवढं मुलांना सांगाल का? फवारा मारायचा तर निंबोळी अर्काचा, तोही गरज पडली तरच. बाई म्हणाल्या, तुम्हीच येऊन सांगा. मग मीच सांगितलं. मुलांनी एवढं मन लावून ऐकलं की माझ्या प्रवचनाला घरात कधी कुणी ऐकलं नसेल.

पण त्याआधी मला घरातलं एक काम करायचं होतं. त्या दिवशी दुपारी मी नातीला घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी तो इवलासा मुळा किसून, त्यात दही-मीठ घालून कोशिंबीर केली होती. माझ्या नातीसमोर त्यांनी ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाल्या, "गावाकडची चव आली बघ." पोरीच्या चेहऱ्यावर काढणीच्या दिवशीचं हसू परत आलं. मी तिला काकूंसमोरच म्हटलं, "बाळा, काल मी चुकले. मुळा शी नाही. मुळा चांगला आहे. आपण तो खात नाही, कारण मुळासकट उपटला की झाडाचा सगळा जीवच जातो, आणि जमिनीखालच्या कंदात अनंत जीव असतात असं आपण मानतो. तो आपला नियम, आपल्या ताटापुरता. काकूंच्या ताटाला आपण नाव ठेवायचं नाही."

तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग मी मुळा लावू का नको?"

मला उत्तर पटकन सुचलं नाही. शेवटी म्हटलं, तूच ठरव. तिने ठरवलं. या वर्षी तिच्या क्रेटमध्ये वाल आणि चवळी आहे. "शेंगा तोडल्या तरी झाड राहतं ना, आजी," असं तिचं म्हणणं. शेजारच्या क्रेटमध्ये तिच्या मैत्रिणीने मुळा लावला आहे आणि सुट्टीत त्यालाही पाणी घालायचं काम आमच्याच बाईसाहेबांकडे आहे.

तुमच्या गॅलरीत जागा असेल तर नातवंडांना घेऊन एवढं करून पाहा. खोलगट ट्रेला खाली भोकं पाडा, माती आणि खत मिसळून भरा आणि डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरा. तीन-चार दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत जुडी होते. मुलांना उतावीळ असते, म्हणून पहिल्यांदा मेथीच बरी. नंतर टोमॅटो, भेंडी, वाल, चवळी. चातुर्मासात आपण पालेभाजी टाळतो, तेव्हा पावसाळ्यात वेलाला शेंगा येऊ द्याव्यात. पर्वाच्या दिवशी, अष्टमी-चतुर्दशीला, तोडायचं नाही. मुलं नुसतं पाहतात, मोजतात आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. संयम शिकवायला याहून सोपा धडा नाही. एक छोटी वही ठेवा. काय लावलं, कधी आलं, आणि कुणाला दिलं. तिसरा रकाना विसरू नका.

माझ्या त्या जुन्या वहीत तिसरा रकाना नव्हता. ज्या वर्षी कर्मवीर गेले, त्या १९५९ सालचा माझा जन्म. त्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर वाढूनही मला त्यांची गोष्ट कळायला एवढी वर्षं लागली. तो मुलगा आता कुठे असेल माहीत नाही. त्याच्या जुडीची बोली मी लावली नाही. आता एवढंच हातात आहे की नातीच्या मुठीत पैसे असतील तेव्हा ती मूठ उघडायला शिकलेली असावी.

काल संध्याकाळी वालाच्या पहिल्या शेंगा आल्या. मोजून अकरा. नातीने वाटण्या केल्या. पाच आपल्या घरी, पाच काकूंकडे. अकरावी ती बराच वेळ हातात धरून उभी होती. मग म्हणाली, "ही बियाणाला ठेवू."

जय जिनेंद्र.